शोध एकाचा, कारखाना दुसऱ्याचा

ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी रुग्णालयात फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचण्यात आले. जंतुसंसर्ग चेहऱ्यापासून फुप्फुसांपर्यंत पोचला होता आणि एक डोळा गेला होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, रोगी जेवू लागला, आणि तेवढ्यात औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून काढून पुन्हा त्यालाच टोचण्यापर्यंत संशोधकांची मजल गेली. तेही पुरले नाही. मार्चच्या मध्याला तो दगावला. औषध गुणकारी आहे याबद्दल आता शंका उरली नव्हती, पण एका माणसाला पुरेल इतकेही ते बनवता येत नव्हते. बुरशी वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत रुग्णालयातली बेडपॅन वापरून झाली होती, आणि बॉम्बवर्षावाखाली असलेल्या ब्रिटनमधील औषध कंपन्यांना या कामासाठी सवड नव्हती.

त्याच वर्षी जुलैत या संशोधकांपैकी हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली हे दोघे बुरशीचे नमुने घेऊन अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया गावी कृषी खात्याची एक प्रयोगशाळा होती. शेतमालाचे नवनवे उपयोग शोधणे हे तिचे काम. मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या दाट पाण्यात ही बुरशी कितीतरी जोमाने वाढते, हे तिथे ध्यानात आले. पिओरियाच्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर बुरशीचा अधिक उत्पादक वाण सापडला. ब्रुकलिनच्या फायझर कंपनीला सायट्रिक अॅसिडच्या निमित्ताने बुरशीकडून रसायने बनवून घेण्याचा अनेक वर्षांचा अनुभव होता. पृष्ठभागावर वाढणारी बुरशी खोल टाक्यांत, निर्जंतुक हवा सोडून वाढवण्याची रीत तिने बसवली आणि मार्च १९४४ मध्ये एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात ती चालू केली. तयार होणारा माल घ्यायला सरकार उभेच होते. १९४३ मध्ये एका मात्रेला सुमारे २० डॉलर पडत. १९४६ मध्ये तीच मात्रा ५५ सेंटवर आली.

१९४५ चे नोबेल अलेक्झांडर फ्लेमिंग, फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन या तिघांना मिळाले. तिघांचेही काम ब्रिटनमध्ये झालेले. पेटंट घ्यावे, असा आग्रह चेन यांनी सुरुवातीलाच धरला होता. तिथल्या विज्ञानक्षेत्रातील ज्येष्ठांना वैद्यकीय शोधावर हक्क सांगणे गैर वाटले. उलट खोल टाक्यांतल्या उत्पादनाची विद्या मिळवण्यासाठी ग्लॅक्सोसारख्या ब्रिटिश कंपनीला युद्धानंतर अमेरिकन कंपनीशी करार करून स्वामित्वशुल्क द्यावे लागले. तो सल ब्रिटनमध्ये बरीच वर्षे राहिला.

या औषधाची पुढची वाट पुण्याजवळून जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या पहिल्या काही मोठ्या कारखान्यांपैकी हा एक. तिथल्या संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध स्वतः शोधून काढले, म्हणजे बाहेरून आणलेली विद्या इथे रुजलीही होती. त्याच दशकात सोव्हिएत मदतीने चीनमध्ये शिजियाझुआंग येथेही प्रतिजैविकांचा मोठा कारखाना उभा राहिला. दोन्ही देशांची सुरुवात साधारण एकाच सुमारास झाली. पुढे चीनने टाक्यांचा आकार, बुरशीचे वाण, मका, वाफ आणि वीज या प्रत्येकाचा खर्च खाली आणला. भारतात १९९० नंतर आयात खुली झाली, तेव्हा पेनिसिलिन-जी बनवणारे इथले कारखाने, सरकारी तसेच खाजगी, एकेक करून थांबले. औषधांच्या गोळ्या आणि कॅप्सूल जगभर पाठवणारा हा देश त्यांच्या मुळाशी असलेल्या या द्रव्यासाठी चीनवर विसंबून राहिला.

एक औषध, चार देश. शोध ब्रिटनमध्ये लागला, उद्योग अमेरिकेने उभारला, भारताने तो शिकून घेतला आणि वरचष्मा शेवटी चीनचा झाला. असे का होते, नव्या तंत्राचा लाभ कोणत्या देशाला आणि किती काळ मिळतो, आणि सरकारांना यात काय करता येते, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

अर्थशास्त्राने या प्रश्नाला बराच उशिरा हात घातला. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धांत आजही पाठ्यपुस्तकांत पहिला येतो. पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड विणावे, आणि अदलाबदलीत दोघांचेही भले व्हावे. हे गणित चोख आहे, मात्र कोणाला काय करता येते ही गोष्ट त्यात आधीच ठरलेली असते. फ्रीडरिश लिस्ट यांनी १८४१ मध्ये नेमक्या याच गृहीतावर बोट ठेवले. इंग्लंडने संरक्षक जकातींच्या आड आपले उद्योग वाढवले आणि मग इतरांना खुल्या व्यापाराचा उपदेश केला, हा त्यांचा आक्षेप होता. जर्मनीतल्या कोवळ्या उद्योगांना काही काळ आडोसा हवा, ही मागणी. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात लिस्ट यांची आठवण काढली ती याच संदर्भात.

विसाव्या शतकात या वादाला आकडे मिळाले. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या चार दशकांच्या वाढीचा हिशेब मांडला. दर माणशी उत्पादनात झालेल्या वाढीपैकी जेमतेम आठवा हिस्सा भांडवलाच्या वाढीने समजावता येत होता. बाकीचा सारा त्यांनी तांत्रिक बदलाच्या खात्यावर टाकला. त्याआधी, १९३६ मध्ये, टी. पी. राइट या विमान अभियंत्याने कारखान्यातली एक साधी नोंद प्रसिद्ध केली होती. बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागचे श्रम सुमारे २० टक्क्यांनी उतरतात. केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये त्यावर ‘करता करता शिकणे’ ही कल्पना बांधली. तिचा देशांच्या स्पर्धेशी थेट संबंध आहे. जो जास्त बनवतो तो जास्त शिकतो, जो जास्त शिकतो त्याचा माल स्वस्त होतो, आणि स्वस्त मालाला गिऱ्हाईक वाढल्याने तो आणखी बनवतो. या चक्रात मागे पडलेल्या देशाला मूळ शोध आपला होता हे सांगून काही परत मिळत नाही.

सौर पॅनेल हे त्याचे अगदी अलीकडचे उदाहरण. सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर जपानने त्यावर पैसा ओतला. २००० मध्ये जर्मनीने कायदा करून सौरविजेला चढा आणि हमीचा दर दिला, त्यामुळे जगात प्रथमच मोठी बाजारपेठ तयार झाली. त्या बाजारपेठेला माल पुरवता पुरवता चिनी कंपन्या शिकल्या. आज सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. पॅनेल इतके स्वस्त होण्यात जर्मन वीजग्राहकांनी भरलेल्या बिलांचा मोठा हात आहे.

शोध एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, हा प्रकार कंपन्यांच्या पातळीवर डेव्हिड टीस यांनी १९८६ मध्ये तपासला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ब्रिटनच्या ईएमआय कंपनीत सीटी स्कॅनर बनवला; १९७९ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. तोवर बाजारपेठ मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे सरकली होती. रुग्णालयांशी जुने संबंध, दुरुस्तीला धावून जाणारे तंत्रज्ञ, प्रशिक्षण देण्याची व्यवस्था हे सगळे तिच्याकडे तयार होते, आणि ईएमआयला ते शून्यातून उभे करायचे होते. शोधाची नक्कल सोपी असेल तर कमाई त्याच्या भोवतीची जोडसाधने ज्याच्याकडे असतात त्याची होते, हा टीस यांचा निष्कर्ष. देशांच्या बाबतीत ही जोडसाधने म्हणजे विद्यापीठे, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने, धीर धरणारे भांडवल आणि चोखंदळ गिऱ्हाईक.

त्याचा सर्वांत जुना आणि भारताला चांगलाच चटका लावून गेलेला दाखला रंगांचा आहे. लंडनमध्ये १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनीन बनवताना अपघाताने जांभळा रंग हाती लागला. पहिला कारखाना त्याचाच. रंगांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक, म्हणजे कापडगिरण्याही ब्रिटनच्याच. तरीही १९१४ पर्यंत जगातल्या कृत्रिम रंगांपैकी दहातले आठ-नऊ हिस्से जर्मन कंपन्यांकडे गेले होते. पर्किनचे गुरू ऑगस्ट होफमान मूळचे जर्मन. १८६५ मध्ये ते मायदेशी परतले. जर्मन विद्यापीठांतून दरवर्षी रसायनशास्त्रज्ञ बाहेर पडत आणि बायर, होख्स्ट, बीएएसएफ या कंपन्या त्यांना कारखान्यातच प्रयोगशाळा थाटून पगारी नोकरीत घेत. अॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली. तीच बाजारात परवडेल अशा भावाने बनवायला बीएएसएफला १८९७ साल उजाडले आणि सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्च झाले.

बिहारमधल्या निळीच्या लागवडीला त्यानंतर उतरती कळा लागली. चंपारणच्या मळेवाल्यांनी हा तोटा कुळांच्या माथी मारला. ‘तीनकठिया’ पद्धतीने दर बिघ्यातल्या तीन कठ्ठ्यांवर नीळ लावण्याची सक्ती होती. तिच्यातून सुटका देण्याच्या बदल्यात त्यांनी खंड वाढवून घेतला. ऱ्हाइन नदीकाठच्या एका रासायनिक प्रक्रियेची किंमत गंगेच्या खोऱ्यातला शेतकरी मोजत होता, आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला पोचले तेव्हा त्यांच्यापुढे आलेल्या तक्रारींत हा वाढीव खंड होता.

एकविसाव्या शतकात हीच चुरस सर्वांत तीव्र आहे ती सेमीकंडक्टर चिपच्या क्षेत्रात. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि १९५२ मध्ये २५ हजार डॉलर भरणाऱ्या कोणालाही त्याचा परवाना खुला झाला. टोकियोतल्या ज्या लहान कंपनीने तो घेतला ती पुढे सोनी झाली. १९६० च्या दशकारंभी अमेरिकेत तयार होणाऱ्या एकात्मिक मंडलांचे जवळजवळ एकमेव गिऱ्हाईक सरकार होते: मिनटमन क्षेपणास्त्रे आणि अपोलो यान. पेनिसिलिनप्रमाणे इथेही पहिल्या महागड्या मालाचे पैसे सरकारने मोजले, आणि खुल्या बाजाराला परवडेल असा भाव त्यानंतर आला.

जपानने १९७६ ते १९८० या काळात सरकारी मदतीने आपल्या पाच प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका संशोधन प्रकल्पात एकत्र बसवले. १९८० मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन गिऱ्हाइकानेच जाहीर केले की जपानी मेमरी चिपा अमेरिकन चिपांपेक्षा कितीतरी कमी सदोष निघतात. १९८५ मध्ये इंटेलने मेमरीचा धंदा सोडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने जपानला व्यापार करार करायला लावला, आणि १९८७ मध्ये सेमाटेक ही कंपन्यांची संयुक्त संस्था सरकारी पैशाने काढली. मुक्त बाजाराची भलामण करणारे रेगन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते.

या दोघांच्या भांडणात तिसऱ्याचे फावले. सॅमसंगने १९८३ मध्ये मेमरीत उतरण्याचे ठरवले आणि मायक्रॉन या अमेरिकन कंपनीकडून आराखड्याचा परवाना घेऊन त्याच वर्षी ६४ किलोबिटची चिप बनवून दाखवली. तैवानची चाल वेगळी होती. सरकारी संशोधन संस्थेने १९७६ मध्ये आरसीए कंपनीकडून जुने पडत चाललेले तंत्र विकत घेतले आणि तरुण अभियंत्यांना शिकायला अमेरिकेत धाडले. १९८७ मध्ये टीएसएमसी निघाली. जवळजवळ निम्मे भांडवल सरकारचे, चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक फिलिप्सचे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षे काढलेल्या मॉरिस चँग यांनी नियम घालून दिला की ही कंपनी स्वतःच्या नावाची एकही चिप बनवणार नाही, फक्त इतरांच्या बनवून देईल. गिऱ्हाइकाशी स्पर्धाच नसल्यामुळे जगभरचे आराखडे तिच्याकडे येऊ लागले आणि त्या प्रत्येकाबरोबर शिकण्याची संधीही आली.

तरी सगळ्यांच्या नाड्या एकाच देशाच्या हाती आहेत असे नाही. अतिसूक्ष्म चिपा छापणारे यंत्र नेदरलँड्सच्या फेल्डहोफन गावची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे पन्नास हजार वेळा लेझर मारून ते १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निर्माण करते. त्यातले आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर जर्मनीच्याच ट्रुम्फचा, प्रकाशस्रोत सॅन दिएगोहून, आणि मूळ संशोधनाचा मोठा भाग अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळांतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपा आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला देण्यावर निर्बंध आणले, ते अशाच एकेका अरुंद खिंडीवर पहारा बसवून.

कारखाना आला म्हणजे संपत्ती आली, असेही समजण्याचे कारण नाही. २००५ मध्ये २९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या आयपॉडची चिरफाड कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी केली. चीनमध्ये होणाऱ्या जुळणीपोटी तिथे चार डॉलरसुद्धा राहत नव्हते. अॅपलकडे सुमारे ८० डॉलर जात होते. चीनने या चार डॉलरवर समाधान मानले नाही. पुढे तो सुटे भाग, बॅटरी आणि अखेर स्वतःच्या नावाचे फोन इथपर्यंत चढत गेला, ही त्याची खरी कमाई.

सरकारी मदतीबद्दलही इथे सावध राहायला हवे. अॅलिस अॅम्सडेन यांनी १९८९ मध्ये कोरियाचा अभ्यास मांडला, त्यातला मुद्दा परतफेडीचा आहे. स्वस्त कर्ज आणि संरक्षण मिळे, पण निर्यातीचे ठरवून दिलेले लक्ष्य गाठण्याच्या अटीवर. ज्याने ते गाठले नाही त्याचा आधार काढून घेतला जाई. भारतानेही उद्योगांना संरक्षण दिले, फक्त ते बिनअटीचे आणि बेमुदत राहिले. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले होते, जगाच्या फार मागे नसताना. १९८९ च्या आगीत तो कारखाना जळाला. फेरउभारणी इतकी रेंगाळली की तोवर चिपांच्या कित्येक पिढ्या उलटून गेल्या.

भारताची जमेची बाजू औषधांत दिसते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाकारली आणि तो बनवण्याच्या पद्धतीवरच हक्क ठेवला. त्यामुळे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवण्याचे कसब देशात वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागाने त्यासाठी माणसे आणि प्रक्रिया पुरवल्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. एका कायद्याने काय साधते आणि काय निसटते, दोन्ही या उद्योगात पाहता येते. २०२० च्या मार्चमध्ये चीनमधला पुरवठा अडला तेव्हा भारताला २६ औषधद्रव्ये आणि औषधे यांची निर्यात रोखावी लागली. त्याच महिन्यात मूळ द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ पेनिसिलिन-जीचा नवा कारखाना सुरू झाला.

‘राष्ट्रांची स्पर्धाक्षमता’ या शब्दप्रयोगावरच पॉल क्रुगमन यांनी १९९४ मध्ये कडक टीका केली होती. देश म्हणजे दिवाळे काढणारी कंपनी नव्हे, आणि शेजारी श्रीमंत झाला म्हणून आपण गरीब होत नाही, हे त्यांचे म्हणणे. स्वस्त चिनी पेनिसिलिनमुळे भारतातल्या रोग्याचे पैसे वाचलेच. म्हणून प्रत्येक आयातीला पराभव मानण्यात अर्थ नाही. कोणते कसब एकदा हातचे गेले की परत मिळवायला दशके लागतात, आणि त्यासाठी आज किती जादा भाव मोजणे योग्य, हे वस्तूगणिक तपासावे लागते.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने साणंद, ढोलेरा किंवा अन्यत्र उभ्या राहणाऱ्या चिप प्रकल्पांच्या बातम्या वाचताना गुंतवणुकीच्या आकड्यापाशी थांबू नये. इथले अभियंते तिथे नेमके काय शिकणार आहेत, त्या मालाचे पहिले गिऱ्हाईक कोण, आणि मदतीला कोणत्या अटी व किती मुदत आहे, हे विचारावे. त्याबरोबर आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. दक्षिण कोरिया राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के संशोधन आणि विकासावर खर्च करतो. भारताचा हा खर्च एक टक्क्याच्याही आत आहे, आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी आहे.